आदरणाला नेलेली शाल

माझं दुखणं सगळ्या मंडळीला कळलं ते लाउडस्पीकरवरून. चिक्कडपल्लीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक तेलुगू चर्च आहे. तिथे उपासनेच्या शेवटी आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते. कुणाची किडनी, कुणाचा गुडघा, कुणाच्या सुनेचं अडलेलं बाळंतपण. त्या रविवारी पाळकांनी माझ्या दिशेनं हात करून तेलुगूत काहीतरी म्हटलं. त्यातले 'महाराष्ट्रा' आणि 'मानसिक' हे दोनच शब्द मला कळले, आणि तेवढे पुरेसे होते. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. माझा गुडघा दुखत असता तर एकीनंही मान वळवली नसती.

मी जालन्याची. आमच्या घरात ख्रिस्तीपण आजोबांच्याही आधीचं, त्यामुळे त्याचं मला कधी कौतुक नव्हतं आणि जाचही नव्हता. घरात पाटा-वरवंटा असतो तसं ते होतं. यांची रेल्वेतली बदली सिकंदराबादला झाली, मुलगा पुण्याला कॉलेजात गेला, आणि मी शाळेत इतिहास शिकवायची नोकरी सोडून यांच्या मागोमाग हैदराबादला आले. पहिल्याच रविवारी चर्चच्या दारात उभ्या असलेल्या एका गृहस्थांना मी 'सलाम' केला. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारात सलामच करतात. त्यांनी माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "अम्मा, मस्जिद पिछली गल्ली में है." इथे 'वंदनालु' म्हणायचं असतं, हे मला कोण सांगणार? आम्ही दोघं घरी येऊन पोट धरधरून हसलो. तेव्हा मी हसत होते.

मग कधीतरी हसणं थांबलं. नक्की केव्हा, आणि कशावरून, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. कुणी गेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. नवरा चांगला, मुलगा मार्गी, घरात पाणी चोवीस तास. सांगण्यासारखं काही कारण असतं तर मी ते अभिमानानं सांगितलं असतं.

लोकांना वाटतं, उदास बाई खिडकीत बसून रडत असते. मला रडू येत नव्हतं. मी चिडायची, आणि चिडायचं बळ संपलं की पडून राहायची. कोथिंबिरीची जुडी आणून ओट्यावर ठेवायची आणि ती निवडायला सुरुवात कुठून करतात हेच उमगायचं नाही. देठ बघायची, पानं बघायची. जुडी पिवळी पडायची, मग काळी पडायची, मग एक दिवस हे ती मुकाट्यानं उचलून कचऱ्यात टाकायचे. यांनी एकदा तरी ओरडावं असं मला फार वाटायचं. धुणं झालं की वॉशिंग मशीन वाजायचं, ते वाजत राहायचं आणि मी पलंगावरून ऐकत राहायची. धुतलेले कपडे मशीनमध्येच कुबट व्हायचे. केसांना पाणी लागून किती दिवस झाले हे मी मोजणं सोडून दिलं होतं.

आणि प्रार्थना होत नव्हती. प्रभूची प्रार्थना मला चालायला यायच्या आधी पाठ होती, असं आई सांगायची. ती आता रोजच्या भाकरीपर्यंत पोचायची आणि तिथे अडायची. पुढचं आठवत नव्हतं असं नाही. भाकर मागून करायचं काय, असं वाटायचं. मला उद्याच नको होता, मग उद्याची भाकर कशाला मागू?

सिकंदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी या सगळ्याला नैराश्य म्हटलं आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या अंगाला लागायला वेळ लागेल, मध्येच सोडायच्या नाहीत, हे त्यांनी यांनाही बजावून सांगितलं. पहिल्या पहिल्यांदा तोंड कोरडं पडण्यापलीकडे काही झालं नाही. पुढे थोडं झालं. मी एकदा कोथिंबीर निवडली. फार नाही, अर्धी जुडी.

त्याच सुमारास आमच्याकडे प्रार्थनेच्या बाई येऊ लागल्या. चर्चच्या महिला मंडळात ज्या आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करतात त्यांच्या त्या मुख्य. मायाळू बाई. येताना डब्यात पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, आणायच्या, माझ्या डोक्यावर तेल लावून हात ठेवायच्या आणि मोठ्या आवाजात देवाला माझी सगळी माहिती द्यायच्या. आमच्याशी त्या इथल्या हिंदीत बोलायच्या. एके दिवशी टीपॉयवरची गोळ्यांची पट्टी त्यांच्या नजरेला पडली. त्या रागावल्या नाहीत. त्यांना वाईट वाटलं. "अक्का, गोली पे भरोसा है तो प्रभू पे कितना बचता?" त्या म्हणाल्या.

रागावल्या असत्या तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण त्यांना वाईट वाटलेलं मला बघवेना. शिवाय खरं सांगायचं तर मला ते खरंच वाटलं. आत सगळं रिकामं होतं, तेव्हा विश्वासही संपला असणार, आणि तो संपला म्हणूनच हे झालं असणार, हा हिशोब अगदी जमून आला. मी गोळ्या थांबवल्या. यांना सांगितलं नाही. नाताळच्या आधी मी चर्चमध्ये माइकवर उभं राहून साक्ष द्यायची, प्रभूनं मला गोळ्यांवाचून बरं केलं म्हणून सांगायचं, असं बाईंनी परस्पर ठरवूनही टाकलं. फोनवर त्या विचारायच्या, "साक्ष्यम् तैयार है ना?"

साक्ष कसली तयार होणार? त्या आठवड्यांत मी जिथे गेले त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की मी चर्चला जाणं बंद केलं, फोन घेणं बंद केलं, आणि दुपारी घरात एकटी असताना मी जे विचार करायची ते अगदी शांतपणे करायची. त्या शांतपणाची मला आजही भीती वाटते.

चर्चमध्ये मला खरोखर आवडायची अशी एकच व्यक्ती होती. टीचरची मुलगी. टीचर म्हणजे सरकारी शाळेतल्या गणिताच्या बाई. सगळी मंडळी त्यांना टीचर म्हणायची म्हणून मीही म्हणायची. मुलगी कुठल्याशा कंपनीत नोकरीला होती. मला तेलुगू येत नाही हे लक्षात आल्यापासून ती माझ्या शेजारी येऊन बसायची आणि पाळकांचं प्रवचन कानात इथल्या हिंदीत सांगायची. सांगायची म्हणजे काय, टवाळकी करायची. "आंटी, अब दस मिनट सो जाओ, वही पुरानी बात है," म्हणायची. पाळक रडवेले झाले की म्हणायची, "अभी चंदे का बोलेंगे देखो." ती हसायची तेव्हा बाक हलायचं. टीचर याच वर्षी रिटायर होणार आणि मग घरात बसून तिचं डोकं खाणार, हेही तिनंच मला सांगितलं होतं.

एकदा ती पुढे जाऊन माइकवर काही बोलली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, कंपनीत बढती मिळाली असेल. मीही टाळ्या वाजवल्या.

तर मी अंथरुणाला अशी खिळलेली असताना एका सकाळी शेजारच्या फ्लॅटमधली बाई दारात आली. तीही त्याच चर्चची. हातात भाजीची पिशवी, एक पाय जिन्यावर, आणि घाईघाईत म्हणाली, "आंटी, जुमेरात की शाम को टीचर के घर में आदरण कूडिक है. आप भी आओ, टीचर को अच्छा लगेंगा." आणि जिना उतरून गेली.

'कूडिक' म्हणजे मेळावा, सभा, हे मला माहीत होतं. चर्चच्या फलकावर तो शब्द सारखा असतो. राहिलं 'आदरण'. त्यात कळण्यासारखं काय नव्हतं? आदर. आदरसत्कार. टीचर रिटायर झाल्या, त्यांचा सत्कार आहे. मी इतिहास शिकवलेली बाई, आयुष्यात निवृत्तीचे सत्कार किती पाहिले त्याची गणती नाही, चार ओळींची भाषणं मीच लिहून द्यायची. संध्याकाळी यांना गुरुवारच्या सत्काराचं सांगितलं तर हे एकदम उठून बसले. "जाणार तू?" म्हणाले. मी हो म्हणाले. का म्हणाले ते मला माहीत नाही. बहुधा त्या मुलीला बघायचं होतं.

यांचा आनंद मला सहन होत नव्हता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून हे कोठीच्या बाजारात गेले आणि शाल घेऊन आले. सत्काराला रिकाम्या हातानं जायचं नसतं. विटकरी रंगाची, जरीकाठाची, व्यासपीठावर पांघरतात तसली शाल. सोबत फुलांचा गुच्छ. मी केस धुतले. केस धुतले म्हणून यांनी माझ्यासाठी गजराही आणला. कपाटातली जांभळी रेशमी साडी काढली. आरशात मी मला ओळखीची वाटले, आणि हे दाराशी उभे राहून नुसते बघत होते. मला स्कूटरवरून टीचरच्या घरापाशी सोडून हे ड्युटीवर गेले. जाताना म्हणाले, "फोटो काढ हं त्यांच्याबरोबर."

दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आतून गाणं ऐकू येत होतं, हळू चालीतलं. इथल्या बायका रविवारीही पांढऱ्या साड्या नेसतात, त्यामुळे आत सगळं पांढरं दिसलं याचं मला काही वाटलं नाही. गाणं संपायची वाट पाहिली. मग एका हातात गुच्छ, दुसऱ्या हातावर घडी घातलेली शाल, डोक्यात गजरा, अशी मी टीचरसमोर जाऊन उभी राहिले आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स, टीचर."

 पंख्याचा आवाज तेवढा येत होता. टीचरच्या मागे टेबलावर एक मेणबत्ती होती, आणि मेणबत्तीमागे चौकटीत त्या मुलीचा फोटो. त्यातही ती हसत होती.

तेलुगूत आदरण म्हणजे सांत्वन. घरात कुणी गेलं की काही दिवसांनी मंडळी त्या घरी जमते, गाते, प्रार्थना करते, दुःखी माणसांजवळ बसते, त्याला ते आदरण कूडिक म्हणतात. हे मला शेजारणीनं नंतर सांगितलं. तिला वाटलं होतं, मुलगी गेल्याचं मला माहीतच आहे. साऱ्या चर्चला माहीत होतं. पण कशी गेली हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि मी तर हळूही कुणाशी बोलत नव्हते.

जमीन दुभंगावी असं आपण सहज म्हणतो. मला ते खरोखर हवं होतं.  टीचर माझ्याकडे बघत होत्या. गणिताच्या बाईंची असते तशी सरळ नजर. त्यांनी माझ्या हातातल्या शालीला हात लावला. "ये कैकू लाए?" त्यांनी विचारलं.

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "हमारी भाषा में आदर बोले तो मान. मेरे को लगा आपका सत्कार है, रिटायर हुए बोल के. माफ करो टीचर, मेरे को मालूम नै था."

"मान," टीचर म्हणाल्या. मग त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला, तपासून बघावा तसा. मागून कुणीतरी माझा दंड धरून मला बाजूला घ्यायला लागलं. टीचरनी हात वर करून थांबवलं. "सब लोगां आदरण लेके आए," त्या म्हणाल्या. "मेरी बच्ची के लिए मान कोई नै लाया."

शाल त्यांनी माझ्या हातातून घेतली, घडी मोडली आणि फोटोच्या चौकटीवर पांघरली. दोन्ही बाजूंचे जरीकाठ नीट सारखे केले. प्रार्थनेच्या बाई तिथे होत्या, त्या पुढे सरसावल्या, फोटोला असलं काही करायचं नसतं असं तेलुगूत कुजबुजू लागल्या. टीचरनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बाई खाली बसल्या.

मीही बसले. गजरा काढून मुठीत धरला, जांभळ्या साडीचा पदर आवळून घेतला, आणि मला रडू आलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. सगळ्यांना वाटलं, मी त्या मुलीसाठी रडते आहे. मी माझ्यासाठीच रडत होते. फोटोत तिच्या जागी मी कशी दिसेन हे मला दिसलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

पाळक बोलले, मला कानात सांगायला आता कुणी नव्हतं. फक्त 'आदरण' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. शेजारच्या दोघीतिघी मात्र हिंदी-तेलुगूत एकमेकींशी पुटपुटत होत्या. तरुण पोर, विश्वासात कमी पडली. पुरतानाही मोजकीच माणसं होती म्हणे. मला त्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. रागसुद्धा फार दिवसांनी असा स्वच्छ आला होता.

चहा झाला, माणसं उठली. टीचरनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी खायची. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "गोलियां ले रहे क्या आप?"

माझं दुखणं लाउडस्पीकरवरून सांगितलं गेलं होतं, त्यांना माहीत असणारच. मी नाही म्हणून मान हलवली.

"बंद कैकू किए?"

माझी नजर बाहेर गेली. त्या बाहेरच्या खोलीकडे, प्रार्थनेच्या बाई जिथे चपला शोधत होत्या तिकडे बघून म्हणाल्या, "उनको कुछ मत बोलो. मैं खुद बंद कराई मेरी बच्ची की. पिछले साल वो माइक पे आई थी ना, याद है? प्रभू ठीक किए, गोली छूट गई बोल के. पूरी साक्ष्यम् मैं लिख के दी. सब ताली बजाए."

मीही टाळ्या वाजवल्या होत्या. बढती मिळाली समजून.

टीचर रडत नव्हत्या. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. "कल डॉक्टर के पास जाओ," म्हणाल्या. "प्रभू के ऊपर गुस्सा है तो करो. मैं भी कर रई. लेकिन गोली लेके करो."

मला विश्वासाबद्दल आयुष्यात कुणी सांगितलेली ही सगळ्यात खरी गोष्ट आहे. माझा सख्खा मामा पाळक होता, आमच्या घरात प्रवचनांना तोटा नव्हता, तरी हे म्हणते.

इथे ही हकिकत संपली असती तर बरं दिसलं असतं. तसं झालं नाही. यांना सगळं सांगितलं, गोळ्या थांबवल्याचंही. हे गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला फैलावर घेतलं आणि गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्या. पण त्या अंगाला लागेपर्यंतचा काळ पुन्हा तसाच काढायचा होता. उलट जास्त वाईट. आधी निदान मला वाटायचं की हे सगळं विश्वास ठेवला की थांबेल. आता तेही कारण गेलं होतं. विश्वास होता की नव्हता कुणास ठाऊक, पण तो कामाचा नव्हता. गोळी होती, ती अजून कामाची नव्हती. या दोन्हींच्या मध्ये मी होते आणि तिथे बसायला जागा नव्हती.

टीचर दुपारी फोन करायच्या. बोलण्यासारखं दोघींजवळ काही नसायचं. त्या विचारायच्या, "खाए?" मी खोटं सांगायची, "हौ." मग त्यांच्या घरातला पंखा आणि माझ्या घरातला पंखा एकमेकांना ऐकू यायचा. कधी कधी मला त्या बागेची गोष्ट आठवायची, धरला जाण्याआधी प्रभू जिथे एकटा घाबरला होता. त्यानं मित्रांजवळ काय मागितलं? चमत्कार नाही, साक्ष नाही. जवळ जागे राहा म्हणाला, आणि ते झोपले. मुलांना ही गोष्ट मी रविवारच्या शाळेत किती वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी त्या झोपाळू शिष्यांवर त्यांना हसवलं असेल. तो घाबरला होता इकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. घाबरलेला देव मला तेवढा एक जवळचा वाटत होता. बाकीचा, आकाशातला, बरं करणारा, तो माझ्याशी बोलत नव्हता आणि मीही त्याच्याशी बोलत नव्हते.

साक्ष मी अजूनही दिलेली नाही. गोळ्या चालू आहेत. बरी झालीस का, म्हणून कुणी विचारलं की मला खरंच उत्तर सुचत नाही. मला सांगता येते ती फक्त त्या शुक्रवारची गोष्ट, आणि ती माइकवर सांगण्यासारखी नाही.

उन्हाळ्याची दुपार होती. हे ड्युटीवर. सकाळपासून मी उठले नव्हते, आणि तो शांतपणा परत आला होता. टीचरचा फोन वाजला तेव्हा मी तो सवयीनं उचलला. "खाए?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "टीचर, अब नक्को."

"क्या नक्को?"

"सब."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "उठो. जाके दरवाजा खोलो. खोल के वहींच बैठो. मैं आरी." चिडल्यासारखा आवाज होता, वर्गात पोरांना उभं करतात तसा. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, त्या आवाजाचं मी ऐकलं. उठले, दार उघडलं, आणि दाराशेजारी भिंतीला टेकून बसले. बाकी मी काही केलं नाही. तेवढंच केलं.

टीचर एकट्या आल्या नाहीत. चर्चमध्ये शुक्रवारची उपास-प्रार्थना चालू होती, तिथल्या बायकांना त्या उठवून घेऊन आल्या. सगळ्या पांढऱ्या साड्यांत, घामानं भिजलेल्या. प्रार्थनेच्या बाईही होत्या, पण सगळ्यांच्या मागे. जिन्यावरून त्या रांगेनं येताना पाहून वरच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ कठड्यावरून वाकले आणि त्यांनी विचारलं, "एवरु पोयारु?" कोण गेलं? आपण 'गेले' म्हणतो तसंच ते तेलुगूतही 'गेले'च म्हणतात, एवढं तेलुगू मला आता येत होतं.

टीचर मान वर न करता म्हणाल्या, "इंका एवरू पोलेदु." अजून कुणी नाही.

मग मला तिथून न उठवता त्यांनी दाराशीच, बाहेरच्या खोलीत चटई घातली आणि आदरण कूडिक केली. माणूस गेल्यावर करतात तीच. हळू चालीतली गाणी म्हटली, मला त्यातलं काही कळलं नाही. कुणी माझ्या डोक्यावर तेल घातलं नाही, काही समजावलं नाही, मला काय झालंय हे देवाला सांगितलंही नाही. एकीनं ओट्यावरची कोथिंबिरीची जुडी उचलून आणली आणि गाता गाता मांडीवर घेऊन निवडली. प्रार्थनेच्या बाई मशीनमधले ओले कपडे काढून गॅलरीत वाळत घालत होत्या. टीचर माझ्या आणि दाराच्या मध्ये बसल्या होत्या, माझा पाय त्यांच्या हाताखाली होता. मला बरं वाटत नव्हतं. मला तसंच मरावंसं वाटत होतं, पण आता ते इतक्या बायकांच्या देखत वाटत होतं. देव बोलला का? नाही. पण त्या दिवशी तो उठूनही गेला नाही, एवढं मी म्हणेन.

ऊन कलायला लागलं तेव्हा जिन्यात यांच्या बुटांचा आवाज आला. रोजचा, दमलेला. आमच्या मजल्यावर येऊन तो थांबला. दाराबाहेर बायकांच्या चपलांचा ढीग होता. आतून ते गाणं येत होतं. टीचरच्या घरी काय झालं ते मी यांना सगळं सांगितलं होतं, त्यामुळे आदरण म्हणजे काय हे यांना पक्कं माहीत होतं.

हे उंबरठ्यावर आले. मी भिंतीशी, टीचरच्या आड होते, यांना दिसत नव्हते. यांनी त्या पांढऱ्या साड्यांवरून नजर फिरवली. आतल्या खोलीतल्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. गाणं थांबलं. हे ओरडले नाहीत, काय झालं म्हणून विचारलं नाही. अगदी हळू, मराठीत, मराठी न कळणाऱ्या त्या बायकांना यांनी विचारलं, "कधी?"

म्हणजे इतके महिने रोज संध्याकाळी हे तो जिना असेच चढत होते. कोथिंबीर मुकाट्यानं टाकताना, गॅलरीत उभे असताना, गजरा आणताना, सगळ्या वेळी. आणि मला वाटत होतं, यांना काही कळत नाही.

टीचर बाजूला सरकल्या.

"अहो," मी म्हणाले. "मी इथे आहे."

हे चपलांच्या ढिगातच खाली बसले.